रोटरी इंजिनाला टू-टी तेलाची स्वतंत्र टाकी : जोडणी, हवा काढणे आणि मोजमाप

गाडी तेल खाऊ लागली की पिस्टन इंजिनाच्या मालकाला घोर लागतो. रोटरी इंजिनाच्या, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या इंजिनाच्या, मालकाने मात्र तेल खाणे थांबले की धास्तावावे. १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टपासून २०१२ मध्ये उत्पादन थांबलेल्या आरएक्स-८ पर्यंत माझदाच्या रोटरी गाड्या ठरवून, मोजून तेल जाळत आल्या आहेत. पिस्टन इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर खालून तेल उडते आणि ऑइल रिंग ते खरवडून परत खाली पाठवते. रोटरीत तशी सोय नाही. रोटरच्या दोन्ही बाजूंच्या ऑइल रिंगा तेलाला मधल्या भागातच अडवून धरतात, त्यामुळे रोटरच्या तिन्ही टोकांवरच्या अपेक्स सीलपर्यंत आणि त्या ज्या क्रोम चढवलेल्या हाउसिंगवर (रोटरभोवतीच्या कवचावर) घासतात त्या पृष्ठभागापर्यंत तेल आपसूक पोहोचत नाही. ते काम ऑइल मीटरिंग पंप करतो. इंजिनाच्या पुढच्या कव्हरावर बसवलेला हा छोटा पंप इंजिनाच्या वेगाप्रमाणे आणि थ्रॉटलप्रमाणे थेंब-थेंब तेल बारीक नळ्यांतून नोझलपर्यंत ढकलतो.

अडचण पंपाची नसून त्याला मिळणाऱ्या तेलाची आहे. पंप तेल घेतो ते ऑइल संपमधून, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेंबरमधून. चेंबरचे तेल बेअरिंगांसाठी आणि उष्णता वाहून नेण्यासाठी बनवलेले असते, जळण्यासाठी नव्हे. त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची डिटर्जंट रसायने, जस्त-फॉस्फरसयुक्त झीजरोधक द्रव्य आणि चिकटपणा टिकवणारी पॉलिमरे असतात. हे सारे जळले की राख आणि कडक काजळी मागे उरते. ती सीलच्या खाचांत साठून सीलची मोकळी हालचाल अडवते, आणि फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करत जातो. शिवाय चेंबरचे तेल जुने होते, त्यात पेट्रोल आणि काजळी मिसळते, आणि हेच मळलेले तेल इंजिनातल्या सर्वांत नाजूक जागी पाठवले जाते. टू-टी तेल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल, मुळातच जळण्यासाठी तयार केलेले असते. म्हणून जुना पंप तसाच ठेवून त्याला स्वतंत्र टाकीतून स्वच्छ टू-टी तेल द्यावे, अशी ही सुधारणा आहे.

तिचा दुसरा फायदा असा की चेंबरमधले तेल आता जळत नसल्याने ते निवडताना जळण्याचा विचार करावा लागत नाही. सिंथेटिक तेल वापरण्याबद्दलची रोटरी मालकांची जुनी भीती बरीच कमी होते. मात्र किंमतही मोजावी लागते. मूळ रचनेत चेंबरमध्ये तेल आहे तोवर अपेक्स सीलला तेल आहे. या रचनेत टाकी रिकामी झाली, नळी दबली किंवा हवा अडकली तरी डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा जागचा हलत नाही आणि इंजिन नेहमीसारखेच चालत राहते. इलेक्ट्रॉनिक पंप असलेल्या गाडीतही ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) पंपाच्या मोटरीची जागा तपासते, पंपातून तेल जाते की हवा हे तपासत नाही. म्हणून टाकीचे तेल पंपाला देणारी किटमधली प्लेट बसवणे हा या कामाचा सोपा भाग समजावा आणि तेल गुपचूप बंद पडणार नाही याची तजवीज करणे हा खरा भाग.

आपला पंप कोणत्या जातीचा आहे ते पाहा

१२ए सारख्या कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनांत पंप यांत्रिक असून त्याचे तेल कार्ब्युरेटरमध्ये सोडले जाते. १३बी च्या सुरुवातीच्या फ्युएल इंजेक्शनच्या आवृत्त्यांतही पंप यांत्रिकच आहे. थ्रॉटलला जोडलेली काडी त्याचा लिव्हर हलवते. १९८९ च्या सुधारित दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ पासून पुढे लिव्हरची जागा ईसीयूच्या हुकुमाने चालणाऱ्या स्टेपर मोटरीने घेतली. तिसऱ्या पिढीची आरएक्स-७ आणि पहिल्या टप्प्यातील आरएक्स-८ याच वर्गात येतात. २००९ पासूनच्या आरएक्स-८ मध्ये रचना पुन्हा बदलली असून तिथे इलेक्ट्रोमॅग्नेटिक पंप आणि प्रत्येक हाउसिंगला तीन नोझल आहेत. त्या गाडीला आधीच्या गाडीची प्लेट बसेल असे गृहीत धरू नये. प्लेट घेताना इंजिनाचे नाव पुरेसे नाही. वर्ष आणि पंपाचा प्रकार जुळवून पाहावा.

ज्यांनी पंप काढून टाकला आहे किंवा ज्यांची गाडी केवळ शर्यतीसाठी आहे, त्यांच्यासाठी पेट्रोलमध्येच टू-टी तेल मिसळणे हा सरळ मार्ग आहे आणि त्यांनी या खटाटोपात पडू नये. रोजच्या गाडीला मात्र प्रत्येक वेळी मोजून तेल ओतण्यापेक्षा पंपाने गरजेप्रमाणे दिलेले तेल बरे, असे माझे मत आहे. कारण पेट्रोलातले मिश्रण कायम एकाच प्रमाणात राहते, तर पंप वेगाप्रमाणे आणि थ्रॉटलप्रमाणे मात्रा बदलतो.

आधी जुनी व्यवस्था तपासा

नवी टाकी बंद नोझलला तेल देऊ शकत नाही. त्यामुळे पहिला दिवस जुन्या नळ्या आणि नोझल तपासण्यात घालवावा. पंपापासून नोझलपर्यंतच्या प्लास्टिकच्या नळ्या वर्षानुवर्षे उष्णता खाऊन काचेसारख्या ठिसूळ होतात. हाताने हलकेच वाकवताना कड् असा आवाज आला किंवा टोकाशी पिवळट भेग दिसली तर त्या बदलाव्यात. बदलताना पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक, तेल आणि उष्णता सोसणारी नळी निवडावी, कारण पुढे हवेचे बुडबुडे डोळ्यांनी पाहायचे आहेत. अपारदर्शक नळी टिकाऊ असली तरी या कामात ती आपल्याला आंधळे करते.

नोझल काढून त्याच्यातला एकेरी व्हॉल्व्ह तपासावा. बहुतेक नोझलांना तेलाच्या वाटेखेरीज एक बारीक हवेची नळी असते, जी थ्रॉटलच्या अलीकडच्या स्वच्छ हवेला जोडलेली असते. तेलाच्या बाजूने आणि हवेच्या बाजूने फुंकले असता हवा टोकातून बाहेर यावी. टोकाकडून फुंकले असता ती हवेच्या नळीतून परत येऊ नये. परत येत असेल तर व्हॉल्व्ह गेला आहे. टर्बो इंजिनात अशा नोझलमधून दाब उलटा चढतो आणि तेलाची वाट अडते. तारेने व्हॉल्व्ह खरवडण्याचा मोह टाळावा. कार्ब्युरेटर क्लीनरने धुऊन पाहावे आणि तरीही दाद दिली नाही तर नवे नोझल घ्यावे. हवेच्या नळ्याही बदलाव्यात.

नोझल आणि बँजो बोल्ट (नळी जोडणारे बोल्ट, ज्यांच्या आतून तेल जाते) सोडवताना सर्वांत जास्त नुकसान होते. हे बोल्ट पोकळ असतात, हाउसिंग अॅल्युमिनियमची असते आणि आटे वर्षानुवर्षांच्या काजळीने धरलेले असतात. आदल्या दिवशी भेदक तेल मारून ठेवावे, इंजिन कोमट असताना सोडवावे, आणि पाना अडला तर जोर वाढवण्याऐवजी थोडे घट्ट, थोडे सैल असे करत आटे मोकळे करावेत. बँजोचे तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे वॉशर एकदा दाबले गेले की पुन्हा वापरू नयेत.

टाकी कुठे आणि कशी

पंपाची खरी ताकद तेल पुढे ढकलण्यात आहे. लांबून वर खेचण्याच्या भरवशावर त्याला सोडू नये. म्हणून टाकीचा तळ पंपापेक्षा वर असावा, आणि टाकी जवळजवळ रिकामी असतानाही तेल उताराने पंपाकडे वाहावे. उंचीचा फरक ५० सेंटिमीटर धरला तरी तेलाच्या स्तंभाचा दाब जेमतेम ०.०४ बार भरतो. एवढ्याशा दाबावर सगळे अवलंबून आहे हे लक्षात घेतले की बाकीचे नियम आपोआप कळतात. टाकीपासूनची नळी अरुंद नको. आतला व्यास ८ मिलिमीटरच्या आसपास असावा. पेट्रोलचा कागदी फिल्टर लावू नये, कारण थंड सकाळी घट्ट झालेले तेल त्यातून नीट उतरत नाही. टाकीच्या तोंडाशी किंवा मार्गात बारीक धातूची जाळी पुरे. नळीला कुठेही वर चढून खाली उतरणारा बाक नको, कारण त्या बाकाच्या माथ्यावर हवा साठून बसते आणि तेवढीच हवा प्रवाह तोडायला पुरते.

टाकीच्या झाकणाला हवा आत येण्याची वाट हवीच. ती नसेल तर तेल कमी होत जाईल तशी आत पोकळी निर्माण होऊन प्रवाह हळूहळू थांबेल, आणि झाकण उघडून पाहताच हवा आत शिरून सगळे ठीक दिसेल. हा दोष शोधणे म्हणूनच कठीण जाते. वाटेवर स्पंज किंवा छोटा गाळणी-तुकडा बसवून धूळ रोखावी.

दोन लिटरच्या आसपासची टाकी सोयीची पडते. वॉशरच्या पाण्याची जुनी टाकी वापरण्याची कल्पना आकर्षक असली तरी तिचे प्लास्टिक आणि सांधे तेलासाठी बनवलेले नसतात, आणि एके दिवशी कोणीतरी त्यात पाणी ओतण्याचा धोका कायम राहतो. टाकीवर 'फक्त टू-टी तेल' असे ठळक लिहावे. जागा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बो आणि फिरत्या पट्ट्यांपासून दूर असावी; रोटरीचा एक्झॉस्ट पिस्टन इंजिनापेक्षा जास्त तापतो, त्यामुळे इथे काटकसर करू नये. टाकी दोन ठिकाणी पक्की करावी आणि नळी प्रत्येक वळणावर क्लिपने धरावी.

तेलाची पातळी दाखवणारा फ्लोट स्विच ऐच्छिक समजू नये. डॅशबोर्डवर दिवा लावावा आणि त्याची वायरिंग अशी करावी की चावी फिरवताच दिवा क्षणभर पेटून विझेल. म्हणजे बल्ब गेला असेल तर ते रोज कळेल. शक्य असल्यास पातळी पुरेशी असताना स्विचमधून वीज वाहत राहील आणि वायर तुटल्यास दिवा पेटेल अशी मांडणी रिलेच्या साहाय्याने करावी. टाकीत एकचतुर्थांश तेल असतानाच दिवा पेटावा. तळाशी पोहोचल्यावर पेटणारा दिवा वळणावर तेल एका बाजूला सरकले की उशिरा जागा होतो.

प्लेट बसवणे

बॅटरीची ऋण तार काढावी. गाडी उचलावी लागली तर ती जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवावी. पंपाभोवतीची जागा ब्रशने आणि द्रावकाने धुऊन पुसावी, कारण पंप निघताच पुढच्या कव्हरात उघडी वाट तयार होते आणि तिच्यात पडलेला खडा सरळ इंजिनात जातो. प्रत्येक नळी कोणत्या तोटीवर होती हे चिठ्ठी बांधून नोंदवावे; पुढच्या आणि मागच्या रोटरच्या नळ्या अदलाबदल झाल्यास दोष दिसत नाही पण मोजमाप चुकते. यांत्रिक पंपाच्या काडीची जागा फोटो काढून ठेवावी. इलेक्ट्रॉनिक पंपाचा कनेक्टर लॅच दाबून काढावा, वायर ओढून नव्हे.

पंप काढल्यावर जुनी ओ-रिंग निघून आल्याची खात्री करावी. ती कव्हरालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली तर गळती ठरलेलीच. आता प्लेटचे काम समजून घ्यावे : ती कव्हर आणि पंप यांच्यामध्ये बसते, इंजिनाकडून येणारी तेलाची वाट बंद करते आणि तिच्या बाजूच्या तोटीतून टाकीचे तेल पंपाच्या मापन-भागाला देते. पंपाला फिरवणारा शाफ्ट मात्र इंजिनाच्या बाजूनेच येतो, म्हणून त्या शाफ्टभोवतीची सील दोन तेलांमधली एकमेव भिंत असते. सगळ्या किटमध्ये हाच भाग सर्वांत स्वस्त दिसतो आणि सर्वांत जास्त त्रास देतो. सीलचे ओठ तेलाने ओले करावेत, शाफ्टवर ओरखडा असेल तर बारीक पॉलिश पेपरने तो गुळगुळीत करावा, आणि सील सरळ, हाताच्या दाबाने बसवावी.

प्लेटच्या जाडीइतका पंप बाहेर सरकतो. त्यामुळे किटमधले लांब बोल्टच वापरावेत, आणि पंप बसवण्याआधी व बसवल्यावर इंजिन हाताने फिरवून शाफ्टची पकड पूर्ण आहे ना ते पाहावे. बोल्ट आलटून-पालटून, वर्कशॉप मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच घट्ट करावेत. यांत्रिक पंपात काडीचे समायोजन नव्याने करावे लागते : थ्रॉटल बंद असताना लिव्हर त्याच्या मूळ जागी असावा आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर तो शेवटपर्यंत पोहोचावा. हे न करता सोडले तर पंप सदैव कमी तेल देतो.

कोणते टू-टी तेल

डब्यावर जासो (जपानी वाहन-मानक संस्था) एफडी किंवा टीसी-डब्ल्यू३ अशी खूण पाहावी. एफडी हा जासोच्या श्रेणींमधला कमी धुराचा आणि चांगल्या सफाईचा दर्जा आहे. टीसी-डब्ल्यू३ पाण्याने थंड होणाऱ्या बोटींच्या इंजिनांसाठी असून त्यात राख निर्माण करणारी धातुयुक्त द्रव्ये नसतात. रोटरी मालकांमध्ये या दोन तेलांवरून चाललेला वाद न संपणारा आहे. माझ्या दृष्टीने दोन्ही चेंबरच्या तेलापेक्षा या कामाला कितीतरी योग्य आहेत. मात्र एरंडेलाधारित शर्यतीचे तेल टाळावे, कारण ते थंडीत घट्ट होते, चिकट थर सोडते आणि उभ्या गाडीच्या बारीक नळ्यांत साचते. दोन जातींची तेले टाकीत मिसळू नयेत.

हवा काढणे

या टप्प्यावर घाई करणाऱ्यांची इंजिने बिघडतात. इंजिन सुरू करण्याआधी पेट्रोलच्या टाकीत १:१०० या प्रमाणात टू-टी तेल मिसळावे. म्हणजे ३० लिटर पेट्रोलला ३०० मिलिलिटर. पंपातून तेल येवो न येवो, या मिश्रणामुळे सील कोरड्या राहणार नाहीत, आणि मोजमापाचा टप्पा संपेपर्यंत प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना हेच प्रमाण ठेवावे.

टाकी भरून प्लेटकडची नळी क्षणभर सैल करावी आणि बुडबुडे थांबून तेलाची सलग धार येईपर्यंत वाट पाहावी. त्यानंतर पंपाच्या बाहेरच्या तोट्यांवरील बँजो थोडे सैल ठेवून तेल झिरपू द्यावे. बाहेरच्या नळ्या हातपंपाने किंवा सिरिंजने आधीच तेलाने भरून घेतल्या तर पुष्कळ वेळ वाचतो. याचे गणित सोपे आहे : ३ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या ५० सेंटिमीटर नळीत सुमारे साडेतीन मिलिलिटर तेल मावते, आणि आयडलवर थेंबाथेंबाने चालणाऱ्या पंपाला एवढी जागा भरायला बराच वेळ लागतो.

मग इंजिन सुरू करावे. यांत्रिक पंपाचा लिव्हर हाताने पूर्ण उघडा धरावा. इलेक्ट्रॉनिक पंपात इंजिन थोड्या चढ्या वेगावर ठेवून वाट पाहावी लागते. नळीत बुडबुडे पुढे सरकताना दिसले पाहिजेत. एकाच जागी थबकलेला बुडबुडा म्हणजे त्या नळीत प्रवाह नाही. पुढे-मागे डुलणारा बुडबुडा म्हणजे नोझलचा एकेरी व्हॉल्व्ह धरत नाही. सर्व नळ्या सलग तेलाने भरल्यावर इंजिन बंद करून रात्रभर गाडी उभी ठेवावी आणि सकाळी पुन्हा पाहावे. रात्रीतून बुडबुडे परत आले असतील तर एखादा सांधा हवा ओढत आहे.

मोजमाप

टाकीवर पातळीच्या खुणा कराव्यात आणि चेंबरची पातळी डिपस्टिकवर नोंदवावी. दोन्ही नोंदी सपाट जागी, थंड इंजिनावर घ्याव्यात. दोन-तीन वेळा पेट्रोल भरेपर्यंत किती पेट्रोल गेले आणि टाकीतून किती तेल गेले हे लिहीत जावे. समजा ४० लिटर पेट्रोलमागे २०० मिलिलिटर तेल गेले, तर पंप १:२०० च्या सुमाराला देत आहे. हा आकडा चालवण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलेल, म्हणून एकाच आकड्यावर विसंबण्यापेक्षा तो पुन्हा पुन्हा जवळपास तोच येतो का हे पाहणे महत्त्वाचे.

नोंदी दोन दोष स्पष्ट सांगतात. टाकी झपाट्याने उतरते आहे आणि चेंबरची पातळी वाढते आहे, तर शाफ्टची सील गळत असून टू-टी तेल चेंबरमध्ये जात आहे. बेअरिंगांना पातळ तेल मिळू लागल्याने गाडी थांबवावी आणि तेल बदलावे. उलट टाकीतले तेल काळसर होऊ लागले किंवा चेंबरचे तेल पूर्वीसारखेच घटू लागले, तर इंजिनाचे तेल सील ओलांडून पंपात शिरत आहे. टाकी उतरतच नसेल तर मात्र आणखी एक फेरीही मारू नये.

आकडे स्थिर झाले की पेट्रोलात तेल मिसळणे थांबवता येते. त्यानंतर चेंबरचे तेल ठरलेल्या मुदतीत बदलण्याबाबत अधिक काटेकोर राहावे लागते, कारण पूर्वी जळालेल्या तेलाच्या जागी सतत ताजे तेल पडत असे, आता तसे होत नाही. दर तेलबदलाच्या वेळी जाळी धुवावी, नळ्या वाकवून पाहाव्यात, फ्लोट हाताने खाली दाबून दिवा पेटतो का तपासावे. गाडीची वॉरंटी किंवा धूरतपासणीचे नियम लागू असतील तर बदल करण्याआधी ते पाहून घ्यावेत.

डिकीत टू-टी तेलाची एक सीलबंद बाटली आणि मापाचा कप कायम ठेवावा. वाटेत दिवा पेटला, नळी फुटली किंवा पंपाची मोटर अडून ईसीयूने इंजिनाचा वेग मर्यादित केला, तर पेट्रोलच्या टाकीत उरलेल्या पेट्रोलचा अंदाज घेऊन लिटरमागे १० मिलिलिटर तेल ओतावे, थोडे पेट्रोल वरून भरून ते मिसळू द्यावे आणि कमी वेगात घर गाठावे.